‘लागणे’ या क्रियापदाविषयी थोडेसे

मागच्या पावसाळ्यात एके दिवशी आठवीच्या वर्गात जपानी भाषेची गोष्ट निघाली. एका विद्यार्थिनीने कोठेतरी वाचले होते की, ‘सुमिमासेन’ हा एकच शब्द जपानी माणूस क्षमा मागताना वापरतो, आभार मानताना वापरतो आणि उपाहारगृहात वाढप्याला हाक मारतानाही वापरतो. त्या शब्दाचा मूळ अर्थ ‘हे फिटले नाही, संपले नाही’ असा आहे. मी तुम्हांला दिलेला त्रास असो की तुम्ही माझ्यावर केलेला उपकार असो, त्याचे देणे माझ्याकडे उरलेच आहे, असा त्यातला भाव. वर्गाला मोठे नवल वाटले. “सर, आपल्या मराठीत नाही ना असा शब्द?” असे तिने विचारले. मी उत्तर देणार, तोच मागच्या बाकावरून एकजण उठून म्हणाला, “सर, गाडी लागली.”

शेवटचा तास होता. त्याच्या गावाकडे जाणारी बस स्थानकात येऊन उभी राहिली होती, आणि ती चुकली असती तर पुढे पुष्कळ वेळ वाट पाहावी लागली असती. मौज अशी की, त्याआधीच्या सहलीत हाच मुलगा घाटात हेच दोन शब्द बोलला होता, आणि त्या वेळी मला धावपळ करून लिंबू शोधावे लागले होते. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर त्याने न कळत देऊन टाकले.

‘लागणे’ या क्रियापदाइतके राबणारे क्रियापद मराठीत दुसरे क्वचितच असेल. भूक लागते, तहान लागते, झोप लागते. ठेच लागते, उन्हाळ्यात ऊन लागते, तान्ह्या बाळाला दृष्ट लागते. विहीर खणली की पाणी लागते, आणि परगावी गेलेल्या माणसाला तेथले पाणी ‘लागले’ तर तो अंथरूण धरतो. एकच वाक्य, एकदा आनंदाचे आणि एकदा चिंतेचे! झाडाला फळे लागतात, घराला आग लागते, मुलाला नोकरी लागते, आणि ती लागावी म्हणून आई देवाला बोललेला नवस फेडावा लागतो. आमटी खारट लागते. पाहुणा आपला कोणीतरी लागतो. घसा बसतो खरा, पण खोकला मात्र लागतो. निपाणीच्या परिसरात तर आणखी एक अर्थ लहान मुलांनाही ठाऊक असतो. पहिल्यांदाच तंबाखू तोंडात धरणाऱ्याचे डोके गरगरू लागले की वडीलधारी माणसे हसून म्हणतात, “लागली वाटतं!” तंबाखूच्या शेतात जिची ‘लागण’ करतात ती, आणि साथीच्या रोगाची होते ती ‘लागण’ही, याच घरातली. मोल्सवर्थसाहेबांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत हा शब्द काढून पाहावा. अर्थांची रांग पाहून त्या साहेबाच्या चिकाटीचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

या सर्वांच्या मुळाशी संस्कृतातील ‘लग्’ हा धातू आहे. त्याचा अर्थ चिकटणे, जडणे, भिडणे. ज्या ‘लग्ना’ला आपण नटूनथटून जातो ते लग्नही याच धातूचे. हे ध्यानात घेतले म्हणजे अर्थांचा गोंधळ पुष्कळसा निवळतो. भूक काय, आग काय, नजर काय, बाहेरून येऊन आपल्याला चिकटते. म्हणूनच ‘मी भुकेलो’ म्हणण्याऐवजी आपण ‘मला भूक लागली’ असे म्हणतो. निबंधात भारदस्तपणा आणण्यासाठी ‘मला क्षुधेची जाणीव झाली’ असे लिहिणारे विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात. त्यांची भूक मला कधीच खरी वाटत नाही.

परंतु हा लेख लिहावयास मी प्रवृत्त झालो तो निराळ्याच कारणाने. त्याच सुमारास एका मुलाची निबंधाची वही मी तपासत होतो. ‘माझे आजोबा’ असा विषय होता. त्याने लिहिले होते, “मी घरात आलो तवा आजोबा तंबाखूची पाने चाळालते. मला म्हणाले, काय करालास?” मी नेहमीप्रमाणे लाल शाईने दोन्ही ठिकाणी रेघ मारली आणि समासात ‘चाळत होते’, ‘काय करतो आहेस’ अशी शुद्ध रूपे लिहिली. मुलाने वही घेतली, रेघ पाहिली आणि अगदी साधेपणाने विचारले, “सर, मग आजोबा चुकीचं बोलले?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. रात्री ते शोधीत बसलो तेव्हा जे हाती लागले ते येथे सांगतो.

‘करालास’ हे रूप या भागात नवे नाही. निपाणी, कोल्हापूर, कागल या पट्ट्यात ‘करालास, जेवालोय, यायलाय’ असे सर्रास बोलतात; बेळगावकडे आणि चंदगडच्या बाजूला ‘करूलास, जेवूलोय’ असे ऐकू येते. ही रूपे सावकाश उच्चारून पाहा. ‘करायला लागलास’, ‘करू लागलास’ हेच शब्द घाईघाईने बोलता बोलता झिजले आणि त्यांची ही रूपे झाली, असे माझे मत आहे. म्हणजे आजोबांच्या तोंडी होते ते आपले ‘लागणे’च. पुस्तकी मराठीत ते क्रियेचा आरंभ दाखविते, ‘रडू लागला’, ‘पळू लागला’. आपल्या भागात ते एक पाऊल पुढे गेले आणि क्रिया चालू असल्याचे दाखवू लागले.

आता शेजारच्या घरात डोकावू. धारवाड, हुबळी, बेळगाव या बाजूचा कानडी माणूस ‘काय करतो आहेस?’ हे कसे विचारतो? “एन माडाकत्ती?” यातील ‘माडाक’ म्हणजे ‘करायला’, आणि पुढचा ‘हत्ती’ हा ‘हत्तु’ या क्रियापदाचा भाग. (दहा या अर्थाचा ‘हत्तु’ वेगळा.) या ‘हत्तु’चा अर्थ काय? चिकटणे, जडणे, चढणे, लागणे! कानडीत आग लागते तेव्हा ‘बेंकी हत्तितु’, झोप लागते तेव्हा ‘निद्दे हत्तितु’. ‘लागणे’वरून आपण ‘लावणे’ केले, तसे त्यांनी ‘हत्तु’वरून ‘हच्चु’ केले. आपण दिवा लावतो, ते ‘दीप हच्चु’ म्हणतात. आपल्या आया कुंकू लावतात, त्यांच्या ‘कुंकुम हच्चु’ म्हणतात. ‘मन लावून वाच’ हेसुद्धा त्यांच्याकडे त्याच शब्दाने सांगता येते. एक धातू संस्कृतातला, दुसरा द्राविडी कुळातला. दोघांचे आईबाप वेगळे, तरीही एका आळीत वाढल्यामुळे दोघांनी एकच चाल उचलली. शब्द कोणी कोणाचा घेतला नाही, शब्दाला कामाला लावण्याची रीत तेवढी घेतली. ती आधी कोणाची होती, या वादात मी पडत नाही. सीमेवर वादाचे विषय आधीच पुरेसे आहेत.

आणखी एक गंमत, किंवा दुःख म्हणा. बंगळूर-म्हैसूरकडे ‘एन माड्ता इद्दीय’ असे म्हणतात. धारवाडकडचा मुलगा तिकडे शिकावयास गेला आणि ‘माडाकत्ती’ म्हणाला की तेथली मुले हसतात. आपल्याकडचा मुलगा पुण्यास गेला आणि ‘काय करालास?’ म्हणाला की तेथली मुले हसतात. ही दोन मुले एकाच बाजारपेठेत वाढलेली, कित्येकदा एकाच गल्लीतली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला तेव्हापासून आपापल्या भाषेच्या नावाने ती एकमेकांसमोर उभी केली जातात. आणि आपापल्या राजधानीत दोघेही हसण्यावारी जातात ते मात्र एकाच ‘अपराधा’साठी!

हे काही माझ्याच मनाचे खेळ नाहीत. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोन विद्वानांनी सांगली जिल्ह्यातील कुपवाड गावच्या बोलींचा अभ्यास करून १९७१ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. तेथे मराठी, कानडी आणि उर्दू बोलणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आले. त्यांना असे आढळले की, तिन्ही भाषांतील शब्द वेगळे राहिले, पण वाक्यांचे साचे इतके जवळ आले की एका भाषेतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत उतरविता यावे. कुपवाड हे नाव जगातील भाषाशास्त्राच्या ग्रंथांत पोचले ते याच कारणाने. ज्या बोलण्याला आम्ही शिक्षक लाल रेघ मारतो ते वाचण्यासाठी परदेशातील विद्यार्थी ग्रंथालयात बसतात, हे सांगताना मला थोडी शरम वाटते.

कोणी म्हणतील, “सर, तुमचे खरे, पण परीक्षेत गुण कोण देणार?” प्रश्न रास्त आहे. प्रमाण मराठी शिकलीच पाहिजे. तिच्यावाचून कोल्हापूरचे पत्र नागपुरास नीट समजणार नाही. ती शिकविण्यासाठीच माझी नेमणूक आहे, आणि त्यात मी सवलत देणार नाही. माझे म्हणणे एवढेच की, ‘येथे हे रूप लिही’ असे सांगणे निराळे आणि ‘तुझ्या घरचे रूप चूक आहे’ असे सांगणे निराळे. पहिल्याने मुलाला एक भाषा अधिक मिळते. दुसऱ्याने त्याला आजोबांची लाज वाटू लागते. आणि पालकांनाही विनंती आहे की, पाहुण्यांसमोर मूल ‘करालोय’ म्हणाले तर त्याला डोळे वटारू नयेत.

मी स्वतः कोकणी घरातला. आमच्याकडे पाऊस ‘पडूंक लागता’ आणि आग लागली की ‘उजो लागलो’ म्हणतात. शाळेत असताना ‘तुझी मराठी कोकणी वळणाची आहे’ असे मी इतक्या वेळा ऐकले की, पुढे पदवी घेईपर्यंत वर्गात तोंड उघडण्याआधी प्रत्येक वाक्य मनात दोनदा घासून घेत असे. त्या दिवसांत पुष्कळ बोलायचे राहून गेले. तीच लाल शाई पुढे माझ्या हाती आली, आणि मी ती सढळ हाताने वापरली.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाची वही मी परत मागितली. आजोबांचे वाक्य अवतरणचिन्हांत घातले, आपली रेघ खोडली आणि समासात लिहिले, ‘बोलणे आजोबांचे आहे, तसेच राहू दे.’ ‘आजोबा पाने चाळत होते’ हे वाक्य मात्र त्याचे स्वतःचे होते. तेथे प्रमाण रूप ठेवले, आणि का ठेवले ते त्याला समजावून सांगितले. मग वर्गाला काम दिले की, प्रत्येकाने घरी विचारून ‘लागणे’चा एकेक नवा उपयोग आणावा, आणि ज्यांच्या घरी किंवा शेजारी कानडी बोलतात त्यांनी ‘हत्तु’चा आणावा. आठवड्यात फळा दोनदा भरला. एकीच्या आजीने ‘उंबऱ्याला पाय लागला’ दिले, एकाच्या मामाने ‘बैलाला चाक लागले’ दिले. वर्गात सहसा न बोलणारा एक मुलगा, ज्याची आई कानडी आहे, त्याने फळ्यापाशी येऊन सात वाक्ये ओळीने सांगितली, आणि प्रत्येकासमोर तिचे मराठी लिहून दाखविले. आठवे सांगणार, इतक्यात मागच्या बाकावरून ओळखीचा आवाज आला, “सर, गाडी लागली.”