समुद्राचा सातबारा कोणाच्या नावावर?

समुद्रातील पवनऊर्जा आणि मासेमारी यांचा 'समतोल' साधला जाईल, असे आश्वासन अलीकडे वारंवार दिले जाते. समतोल हा शब्द कानाला गोड लागतो. परंतु तराजूच्या एका पारड्यात ७,४५३ कोटी रुपयांचे सरकारी साहाय्य आणि समुद्रतळाचा लेखी भाडेपट्टा असेल, आणि दुसऱ्या पारड्यात कोणत्याही दप्तरात नोंद नसलेली पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट असेल, तर काटा कोणीकडे झुकेल हे सांगायला ज्योतिषी नको. असमानांमधील समतोल हा नेहमीच बलवानाच्या सोयीचा असतो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. समुद्रातील पवनऊर्जेचे राष्ट्रीय धोरण २०१५ साली जाहीर झाले. २०३० पर्यंत ३०,००० मेगावॉटचे उद्दिष्ट २०१८ साली सांगण्यात आले. समुद्रतळ भाडेपट्ट्याने देण्याचे नियम १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याखाली डिसेंबर २०२३ मध्ये निघाले. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गुजरात आणि तामिळनाडू येथे प्रत्येकी ५०० मेगावॉटच्या प्रकल्पांसाठी वरील साहाय्य मंजूर केले. त्यांतील ६०० कोटी दोन बंदरांच्या सुधारणेसाठी आहेत. इतके करूनही कंपन्या पुढे आल्या नाहीत आणि २०२५ साली निविदा रद्द कराव्या लागल्या. हे नीट ध्यानात घ्यावे. मच्छीमार विकासाच्या आड येतो, असा ओरडा करणाऱ्यांनी सांगावे की या निविदा कोणत्या कोळ्याने अडवल्या? त्या अडल्या त्या नफ्याच्या हिशेबावर. भांडवलाला हमी हवी तेवढी मिळाली नाही, एवढेच. उद्या मिळेल, आणि निविदा पुन्हा निघतील.

केंद्राच्या धोरणपत्रात समुद्रतळाचे वार्षिक भाडे दर चौरस किलोमीटरला एक लाख रुपये धरले आहे. एका चौरस किलोमीटरात दहा लाख चौरस मीटर असतात. म्हणजे चौरस मीटरला वर्षाचे दहा पैसे! गावच्या आठवडे बाजारात पाटी टेकवून बसणारी कोळीण यापेक्षा कितीतरी अधिक मोल रोजच्या रोज मोजते.

या प्रश्नाचा महाराष्ट्राशी संबंध काय, असे कोणी विचारील. गुजरातेत निवडलेला टापू पिपावावपुढचा, खंबातच्या आखाताच्या तोंडाचा आहे. शेजारचे जाफराबाद बोंबलाचे बंदर आहे, आणि तेथला बोंबील ज्या डोल जाळ्यात सापडतो, तेच डोल जाळे वसई-उत्तनपासून सातपाटी-डहाणूपर्यंत आपल्या कोळ्यांचे आहे. हे जाळे माशामागे धावत नाही. ते समुद्रतळाशी खुंटाने बांधलेले असते. भरती-ओहोटीचा प्रवाह मासळी त्याच्या तोंडात आणून देतो. म्हणून डोलकऱ्याला जागा बदलता येत नाही. त्याची कव जेथे आहे तेथेच त्याचे शेत आहे. कवींच्या हद्दींवरून आपल्याच कोळीवाड्यांत वर्षानुवर्षे तंटे चालले आहेत, त्यांचा अर्थ हाच की समुद्र मोकळे रान नाही. त्याला बांध आहेत, फक्त ते तलाठ्याच्या दप्तरात नाहीत. जे दप्तरात नाही ते रिकामे, असे समजून सरकार जेव्हा समुद्राचे चौकोन आखते, तेव्हा ते जंगलातील आदिवासींच्या बाबतीत इंग्रजांनी केलेल्या अन्यायाचीच पुनरावृत्ती करते.

सुरक्षा क्षेत्राचा हिशेबही करून पाहावा. आंतरराष्ट्रीय सागरी कायद्यानुसार समुद्रातील बांधकामाभोवती ५०० मीटरपर्यंत प्रवेशबंदी करता येते. दहा मेगावॉटच्या पन्नास चक्क्या उभ्या राहिल्या आणि प्रत्येकीभोवती अशी बंदी आली, तर सुमारे ३९ चौरस किलोमीटर पाणी थेट बंद होते. दोन चक्क्यांत एक किलोमीटरचे अंतर असेल, तर ही वर्तुळे एकमेकांना भिडतात. मधली फट नकाशावर राहते. तेथे जाळे टाकता येत नाही. शिवाय वीज किनाऱ्याला आणणारी केबल उथळ पाण्यातून, म्हणजे नेमकी लहान मच्छीमाराच्या जागेतून येणार. खांबांच्या आश्रयाला मासळी जमते, असे कंपन्यांचे प्रवक्ते सांगतात, आणि त्यात काही तथ्य आहे. पण ज्या पाण्यात होडी नेणे गुन्हा ठरेल, तेथे मासळी जमली काय आणि न जमली काय, कोळ्याच्या चुलीला तिचा उपयोग कोणता?

आता आपल्याच काही साथींशी दोन शब्द. प्रत्येक पवनचक्की शत्रूच मानावी, असा सूर आपल्या सभांतून निघू लागला आहे. तो चुकीचा आहे. कोळसा जाळून तापलेल्या समुद्राचा पहिला तडाखा कोळ्यालाच बसतो. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ गुजरातच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा त्याच जाफराबादच्या बंदरात होड्यांचा चुराडा झाला. वाऱ्याची वीज श्रमिकांच्याही हिताची आहे. आपला विरोध वाऱ्याला नाही. वारा, पाणी आणि समुद्रतळ मूठभरांच्या मालकीचे करून त्याला निसर्गरक्षणाचे नाव देण्याला आहे.

त्याचप्रमाणे 'मच्छीमार' हा एकजिनसी वर्ग आहे, या भ्रमातही राहू नये. पर्ससीन आणि ट्रॉलरचा मालक, एका होडीवर पोट असलेला डोलकरी, पगारावर किंवा वाट्यावर राबणारा खलाशी आणि बोंबील सुकवून विकणारी स्त्री यांचे हितसंबंध एक नाहीत. भरपाई नोंदणीकृत नौकांच्या यादीवरून वाटली, तर ती मालकाच्या खात्यात जाईल. खलाशाजवळ नौका नाही आणि मासळीवालीजवळ परवाना नाही. म्हणून त्यांचे काही बुडालेच नाही, असे सरकार म्हणेल. या दोघांसाठी जो पक्ष बोलणार नाही, त्याने समाजवादाचे नाव घेऊ नये.

हे सर्व अव्यवहार्य आहे, असे सांगणारे तज्ज्ञ भेटतील. त्यांना डेन्मार्क दाखवावा. १९९१ साली समुद्रातील पहिला पवनऊर्जा प्रकल्प त्या देशाने उभारला आणि बाधित मच्छीमारांशी भरपाईची बोलणी करण्याचे बंधन तेथील कायद्याने प्रकल्पकर्त्यावर घातले आहे. फ्रान्समध्ये समुद्रातील चक्क्यांवरील कराचा ३५ टक्के वाटा मच्छीमारांच्या समित्यांना मिळतो. तरीही २०२१ साली सेंट-ब्रियूच्या उपसागरात मच्छीमारांना होड्या घेऊन विरोधाला उतरावे लागले. कारण पैसा मिळतो म्हणजे पाणी मिळते असे नव्हे. आणि परदेशात तरी कशाला जावे? सागरी किनारा मार्गाच्या खांबांतील ६० मीटरचे अंतर बदलणे अशक्य आहे, असे वरळीच्या कोळ्यांना सांगितले जात होते. ते समुद्रात उतरून झगडले आणि २०२२ च्या अखेरीस तेच अंतर १२० मीटर करण्याचे सरकारला मान्य करावे लागले. अभियंत्याचे 'अशक्य' पुष्कळदा संघर्षापर्यंतच टिकते.

आपल्या मागण्या म्हणून स्पष्ट असाव्यात. एक : कोणताही टापू आखण्यापूर्वी तेथील कवी, जाळ्यांच्या जागा आणि होड्यांच्या वाटा मच्छीमार सहकारी संस्थांच्या सहभागाने नोंदवाव्यात आणि त्या नोंदीला कायद्याचे बळ द्यावे. दोन : चक्क्यांतील अंतर आणि केबलचा मार्ग ठरवताना लहान मच्छीमाराची संमती बंधनकारक असावी. तीन : भरपाई खलाशाला आणि मासळी विकणाऱ्या स्त्रीला स्वतंत्रपणे, त्यांच्या स्वतःच्या नावाने मिळावी. चार : भाडेपट्ट्याच्या उत्पन्नाचा ठराविक वाटा किनाऱ्यावरील गावांना दरवर्षी मिळावा. पाच : जनतेच्या पैशावर उभे राहणारे प्रकल्प सार्वजनिक मालकीचे असावेत. तोटा सरकारचा आणि नफा कंपनीचा, ही वाटणी आम्हांला मान्य नाही.

निविदा रद्द झाल्याने आज थोडी उसंत मिळाली आहे. ती विजय नव्हे. पुढची निविदा निघाल्यावर मोर्चा काढणे सोपे असते. त्याआधी बंदरोबंदरी बसून कवींची नोंद करणे कष्टाचे असते. किनाऱ्यावरील शाखांनी हे कष्टाचे काम आजच हाती घ्यावे. भाडेपट्ट्याचा कागद दिल्लीहून येईल, तेव्हा त्याच्यासमोर ठेवायला आपल्या हातातही कागद असला पाहिजे, आणि त्या कागदामागे संघटित माणसे असली पाहिजेत.