सरांना-मॅडमना दिवाळीचं गिफ्ट काय द्यायचं? दुकानदार असूनही खरं सांगतो



मागच्या आठवड्यात चॅनलवर दिवाळीच्या स्टॉकचा व्हिडिओ टाकला होता. गिफ्टचा रॅक कुठं लावायचा, कॉम्बो कसे करायचे, हे त्यात होतं. त्यावर बऱ्याच दुकानदारांनी एकच प्रश्न विचारला. "सर, दिवाळीच्या सुट्टीआधी पालक शिक्षकांसाठी गिफ्ट मागतात. त्यासाठी काय ठेवू?" काही पालकांनी तर सरळच विचारलं, "कमी पैशात चांगलं दिसेल असं काय देता येईल?"

हे व्हिडिओत दोन मिनिटांत उरकणारं नाही, म्हणून लिहायला बसलो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. शिक्षकांना दिवाळीला काहीतरी जरूर द्या. पण वर्गातल्या सगळ्यात गरीब घरालाही जे देता येईल, तेच द्या. त्यापलीकडचं जे काही आहे, ते शिक्षकांसाठी नसतं, बाकीच्या पालकांना दाखवण्यासाठी असतं. आणि हे मी गिफ्ट विकणारा माणूस म्हणून सांगतोय.

हे मत कुठून आलं ते ऐका.

माझं दुकान किल्ले धारूरला. स्टेशनरी, शालेय साहित्य आणि एका बाजूला गिफ्ट. आपल्याकडं दसरा झाला की गावं रिकामी व्हायला लागतात, हे बीड जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ट्रॅक्टर येतो, आणि कोयते पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्याला जातात. काही लेकरं आई-बापासोबत जातात, काही हंगामी वसतिगृहात राहतात, आणि काही आज्जी-आजोबांजवळ.

तशीच एक आज्जी सुट्टीच्या दोन दिवस आधी दुकानात आली. सोबत दुसरी-तिसरीतला नातू. म्हणाली, "दादा, याच्या मॅडमला द्यायला काहीतरी दाखवा. दोनशेत बसंल असं. पण डबा मोठा पायजे. समदे देणार हायेत, लेकराला कमीपणा नको."

डबा मोठा पाहिजे. गिऱ्हाईक असं बोललं की विकणाऱ्याचं काम सोपं होतं. मी भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. आत प्लास्टिकचं हलकं घड्याळ, बाहेर चकचकीत मोठं खोकं. दोनशेवीस सांगितले, दोनशेला दिलं, वर गिफ्ट पॅकिंग फुकट. आज्जी खूश, नातू खूश, मीही खूश. आज्जीनं लुगड्याच्या कनवटीतून नोटा काढून रोख दिल्या.

संध्याकाळी उधारीची वही काढली तेव्हा त्याच आज्जीचं नाव दिसलं. जूनमध्ये नेलेल्या वह्यांचे १६० रुपये बाकी. म्हणजे लेकराच्या वह्या उधार आणि मॅडमचं घड्याळ रोख. मी वही मिटली आणि विषय सोडून दिला. दिवाळीत कुणाला वेळ असतो?

सुट्टी संपल्यावर त्या मॅडम स्वतः दुकानात आल्या. हातात मोठी पिशवी. बाहेरच्या जिल्ह्यातल्या आहेत, नोकरीसाठी इथं खोली करून एकट्या राहतात. काउंटरवर पिशवी रिकामी केली. तीन घड्याळं, सात मग, दोन फोटोफ्रेम, एक पेनसेट. म्हणाल्या, "सर, यातलं तुमच्या दुकानातलं जे असेल ते परत घेता का? पैसे नकोत. वह्या द्या. माझ्या वर्गात पाच-सहा पोरांच्या वह्या संपल्यात आणि आई-वडील कारखान्यावर आहेत."

आज्जीचं घड्याळ त्यात होतंच. पॅकिंगचा कागद सुद्धा माझाच.

मी सहज विचारलं, "मॅडम, यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं का?" त्या हसल्या. म्हणाल्या, "एक होतं. या घड्याळासोबत त्या पोराच्या आज्जीनं पेपरात बांधून कारळाची चटणी पाठवली होती. शाळा सुरू झाल्यापासून रोज तीच भाकरीसोबत खातेय. पण पोरगं देताना लाजत होतं. म्हणालं, आज्जी म्हणली घड्याळ आधी द्यायचं, चटणी मागून द्यायची."

मित्रांनो, हे मला फार लागलं. त्या घरात चांगलं गिफ्ट आधीच तयार होतं. आज्जीच्या हातचं होतं. पण आपण सगळ्यांनी मिळून, म्हणजे पालकांच्या ग्रुपनं, बाजारानं आणि माझ्यासारख्या दुकानदारानं, तिला पटवून दिलं होतं की चटणीची लाज वाटायला पाहिजे आणि घड्याळाचा अभिमान.

आता थोडा हिशोब. मी बीबीए केलंय, हिशोबाशिवाय मला चैन पडत नाही. माझ्या दुकानात मग नव्वदला येतो, एकशेऐंशीला जातो. वह्यांच्या डझनावर मला शंभराला बारा-पंधरा रुपये सुटतात. मग मी काय पुढं लावणार? मगच. प्रत्येक दुकानदार हेच करतो आणि त्यात बेकायदेशीर काही नाही. पण तुम्ही पालक म्हणून एवढं लक्षात ठेवा: रॅकवर पुढं जे लावलंय ते शिक्षकाला लागतं म्हणून लावलेलं नाही, दुकानदाराला परवडतं म्हणून लावलंय.

मग द्यायचं काय? मी गेल्या वर्षभरात दुकानात येणाऱ्या शिक्षकांना विचारत राहिलो. त्यांच्या बोलण्यातून आणि माझ्या अनुभवातून जे निघालं ते सांगतो.

पहिलं: घरचं आणि रानातलं. आपल्या बालाघाटात दिवाळीच्या सुमारास सीताफळं असतात. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. म्हणजे जे फळ आपल्या डोंगरात उगवतं, त्याला देशात नाव आहे, आणि आपण ते सोडून चायनीज शोपीस देतो. पाच-सहा सीताफळं, किलोभर नवी बाजरी, शेरभर मूग, घरची चटणी, फराळाचा डबा. बाहेरगावाहून येऊन खोली करून राहणाऱ्या शिक्षकाला याची किंमत विचारा.

दुसरं: दिवाळी अंक. मराठी माणसाला दिवाळीचं यापेक्षा चांगलं गिफ्ट नाही. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही आपली परंपरा आहे. एक अंक एका घराला महाग वाटत असेल तर चार-पाच घरांनी मिळून एक घ्या. आणखी एक सुचवतो. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, मुलांसाठी आहे. त्याचा दिवाळी अंक शिक्षकांच्या हातात द्या आणि सांगा, "वर्गात ठेवा." शिक्षकही वाचतील, पोरंही वाचतील. माझ्या मते दहा मगांपेक्षा हे एक भारी.

तिसरं: वर्गात लागणारं. शिक्षक बऱ्याचदा स्वतःच्या खिशातून काय काय घेतात हे मला माहीत आहे, कारण ते माझ्याकडूनच घेतात. रंगीत खडू, कार्डशीट, फेव्हिकॉल, स्टेपलरच्या पिना, लाल पेनांचं पाकीट, मार्करची शाई. पन्नास ते शंभर रुपयांत बसतं. दुकानात येण्याआधी शिक्षकांना एवढंच विचारा, "वर्गात काय संपलंय?" यात लाजण्यासारखं काही नाही. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर, नकाशे यांवरचा जीएसटी शून्य झालाय. चार जणांत महाराष्ट्राचा एक मोठा नकाशा सहज येतो.

चौथं: पोस्टकार्ड. हे खास आपल्या जिल्ह्यासाठी. जे लेकरू आई-बापासोबत कारखान्यावर जाणार आहे, त्याच्या दप्तरात शाळेचा पत्ता लिहिलेली चार-पाच पोस्टकार्डं टाका. एक कार्ड पन्नास पैशांचं. त्यानं कोपीत बसून महिन्याला एक लिहायचं: इथं शाळा आहे का, काय वाचलं, फड कुठल्या गावात आहे, पाढे कुठपर्यंत आले. पट्टा पडेपर्यंत शिक्षकाला कळत राहील की आपलं पोरगं अक्षर विसरलेलं नाही. हे गिफ्ट दिवाळीला सुरू होतं आणि उन्हाळ्यापर्यंत पोचत राहतं. ज्या शिक्षकाच्या वर्गातली निम्मी बाकं रिकामी होतात, त्याला याहून मोठं काय देणार?

आता नको त्या गोष्टी. पाकिटात पैसे नको. एकाच पालकाच्या नावानं साडी, मिक्सर, चांदीची मूर्ती असलं काही नको. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत आणि भेटवस्तू घेण्यावर त्यात मर्यादा आहेत. तुम्ही प्रेमानं द्याल, पण अडचणीत ते येतील. नियम बाजूला ठेवला तरी, महाग गिफ्ट घेतलेल्या शिक्षकाला उद्या तुमच्या पोराला रागावताना दोनदा विचार करावा लागतो. त्यात नुकसान तुमच्याच पोराचं आहे.

आणि सगळ्यात मोठं नको म्हणजे व्हॉट्सअॅप ग्रुपवरची यादी. "प्रत्येकी दोनशे. खालील पालकांचे जमा झाले. खालील पालकांचे बाकी." ही यादी मी स्वतः पाहिलीय. बाकीच्या यादीत नाव असलेलं लेकरू दुसऱ्या दिवशी पोट दुखतंय म्हणून घरी राहतं. वर्गणी करायचीच असेल तर एक काम करा. मडकं ठेवा, ज्याला जमेल त्यानं जमेल तेवढं टाकायचं, नाव कुणाचंच लिहायचं नाही. गिफ्टवर फक्त "सगळा वर्ग" एवढंच लिहायचं.

काही जण म्हणतील, "सर, आपल्याकडं गुरुदक्षिणेची परंपरा आहे. ऐपत असेल तर मोठं द्यायला काय हरकत?" ऐपत आहे ना, मग शाळेला द्या. वर्गासाठी पुस्तकांचं कपाट द्या. शिक्षकाचा मान त्यानं कमी होत नाही, वाढतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. दहा लाख डॉलरचं बक्षीस. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटायचं जाहीर केलं. चांगल्या मास्तरला मिळालेलं वाटून टाकायचंच सुचतं. आमच्या मॅडमनीही तेच केलं, घड्याळं देऊन वह्या नेल्या.

आता माझ्या दुकानदार मित्रांनो, तुमच्यासाठी. तुम्ही म्हणाल, "हे सगळं ठीक आहे, पण धंद्याचं काय?" मी काय केलं ते सांगतो. गेल्या दिवाळीत काउंटरजवळ एक छोटा रॅक लावला. पाटी लिहिली: "सरांना, मॅडमना उपयोगी पडेल असं." त्यात खडूंची पाकिटं, लाल पेनं, कार्डशीट, दिवाळी अंक, फराळासाठी साधे कागदी डबे. पन्नास, शंभर आणि दीडशे असे तीनच भाव. शेजारी पोस्टकार्डांचा गठ्ठा ठेवला, त्यावर नफा शून्य.

मगांची विक्री कमी झाली, खोटं बोलणार नाही. एका गिऱ्हाइकामागं सुटणारा पैसाही कमी झाला. पण गिऱ्हाइकं वाढली. जे पालक आधी "दोनशेच्या खाली काही नाही का?" असं विचारायलाही लाजून बाहेरूनच जायचे, ते आत यायला लागले. तेच पालक जूनमध्ये वह्या-दप्तरं घ्यायला माझ्याकडं आले. मी ट्रेनिंगमध्ये नेहमी सांगतो की गिऱ्हाईक एका सणाचं नसतं, वर्षाचं असतं. हे वाक्य मी पाच वर्षं फळ्यावर लिहीत होतो. मला स्वतःला ते त्या पिशवीतल्या घड्याळांनी शिकवलं.

आज्जीचं घड्याळ मी पूर्ण दोनशेला परत घेतलं आणि मॅडमना तेवढ्या वह्या दिल्या. आज्जीला हे कधीच सांगितलं नाही, सांगणारही नाही. फक्त या वर्षी ती आली आणि "दादा, डबा मोठा असलेलं दाखवा" म्हणाली, तेव्हा मी विचारलं, "आज्जी, चटणी केली का औंदा?" म्हणाली, "केलीय की." मी तिला काचेची झाकणाची बरणी दिली, चाळीस रुपयांची. म्हणलं, "हिच्यात भरून द्या. मॅडमला तीच आवडते."

आज्जीचा विश्वास बसेना. दोनदा विचारलं, "खरंच? चटणी?"

खरंच, आज्जी.

मित्रांनो, तुमच्या गावात शिक्षकांना काय दिलं जातं, आणि शिक्षक असाल तर तुमच्याकडं आजही जपून ठेवलेलं गिफ्ट कोणतं, ते नक्की कळवा. चांगली उदाहरणं पुढच्या व्हिडिओत घेऊ. दिवाळीच्या शुभेच्छा. धंदा करा, पण आठवणीत राहील असा करा.