कलेक्टरचं पत्र आणि भोकाचा पैसा: जुन्या लष्करी छावणीत मेटल डिटेक्टर फिरवावा का?

हेडफोन लावलेला माणूस माळावर सावकाश चालतोय. हातातल्या काठीच्या टोकाला ताटाएवढी गोल चकती. मध्येच ‘पीं’ असा आवाज होतो. तो गुडघ्यावर बसतो, वीतभर माती उकरतो आणि हिरवं पडलेलं नाणं किंवा पितळी बटण तळहातावर ठेवून कॅमेऱ्याला दाखवतो. असं एखादं रील तुमच्याही फोनवर येऊन गेलं असेल. बहुतेक व्हिडिओ इंग्लंड-अमेरिकेतले असतात आणि जागा बऱ्याचदा जुन्या लष्करी छावणीची.

ही यंत्रं आता आपल्याकडेही काही हजार रुपयांत घरपोच मिळतात. छावण्यांचीही कमतरता नाही. नाशिकजवळचं देवळाली आहे. पुण्याचं कॅम्प आणि खडकी आहे. पहिल्या महायुद्धात जर्मन नागरिकांना डांबून ठेवलेलं तेव्हाचं अहमदनगर आहे. दुसऱ्या महायुद्धातला कल्याण कॅम्पही आहे. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले, 1949 मध्ये त्याचं उल्हासनगर झालं, तरी पत्ता सांगताना लोक आजही ‘कॅम्प नंबर 3’ म्हणतात. मग आपणही यंत्र घेऊन निघावं का?

थोडक्यात उत्तर: सध्या नको. पण ‘नको’ म्हणून विषय संपवणंही चुकीचं आहे. सापडलेली वस्तू प्रामाणिकपणे कळवणाऱ्यासाठी आपल्या व्यवस्थेत सोपी वाटच नाही, आणि त्यात नुकसान इतिहासाचं होतंय.

छावणीतच एवढं का सापडतं?

कारण साधं आहे. हजारो माणसं काही महिने एका जागी तंबूत राहतात. पगार रोख मिळतो, पत्ते आणि जुगार चालतो, खिसे फाटतात, बटणं तुटतात. कचरा खड्ड्यात पुरला जातो. मग हुकूम येतो आणि अख्खी छावणी दोन दिवसांत उठते. मागे राहतात नाणी, बिल्ले, बकला, काडतुसांची रिकामी टोपणं, डबे आणि चमचे.

देवळाली हे तर येण्या-जाण्याचंच ठाणं होतं. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत ब्रिटिश सैनिक तिथे महिनोन्‌महिने पडून असत. त्या कंटाळ्यातूनच वेड लागल्यासारखं वागण्यासाठी इंग्रजीत ‘डूलॅली’ हा शब्द रूढ झाला, तो देवळालीच्याच नावावरून. आज मात्र देवळाली लष्कराच्या ताब्यात आहे. तिथे यंत्र घेऊन शिरणं म्हणजे सरळ पोलिस ठाण्याची वाट धरणं.

यंत्राला नेमकं काय कळतं?

चकतीत तारेची वेटोळी असतात. त्यांतून उलटसुलट वाहणारी वीज सोडली की जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या टप्प्यात धातू असला तर त्याच्यात छोटे विद्युतप्रवाह फिरू लागतात आणि त्यांचा प्रतिसाद दुसरी वेटोळी पकडते. लोखंडाचा प्रतिसाद वेगळा, तांब्या-चांदीचा वेगळा. त्यावरून यंत्र अंदाज बांधतं. हा अंदाजच असतो. शीतपेयाच्या डब्याची चावी आणि जुनं नाणं यांत त्याची नेहमी गल्लत होते.

नाण्याएवढी वस्तू साधारण 20 ते 25 सेंटिमीटरपर्यंत कळते. आपल्याकडे त्यातही अडचण आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण आणि कोकणातला जांभा, दोन्हींत लोहखनिज भरपूर. त्यामुळे यंत्र जमिनीलाच दाद देत राहतं. तेव्हा ‘दहा मीटर खोलवरचं सोनं ओळखणारं’ यंत्र कुणी विकत असेल, तर तो तुम्हाला फसवतोय. गुप्तधनाच्या नावाखाली आपल्याकडे काय काय घडलंय हे वेगळं सांगायला नको. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीतही गुप्तधनाच्या शोधासाठी होणाऱ्या अघोरी कृत्यांचा समावेश करावा लागला.

नाण्यापेक्षा जागा मोलाची का?

एक उदाहरण घेऊ. आजीच्या डब्यात ‘भोकाचा पैसा’ पाहिला असेल. युद्धात धातू वाचवण्यासाठी मधोमध भोक असलेला हा एक पैसा 1943 ते 1947 या काळात पाडला गेला. बाजारात तो आजही सहज आणि स्वस्तात मिळतो.

पण समजा, तोच पैसा एखाद्या छावणीच्या कचराखड्ड्यात, बटणांच्या आणि डब्यांच्या खाली सापडला. आता तो साक्षीदार झाला. त्याच्यावरचा सगळा थर 1943 नंतरचा आहे हे त्याने सिद्ध केलं. त्याच थरातल्या बटणावर पलटणीचं चिन्ह असेल, तर कोणती पलटण तिथे केव्हा होती हे कळू शकतं. पैसा उचलून खिशात टाकला की ही साक्ष कायमची पुसली जाते. ती जागा पुन्हा तशी मांडता येत नाही.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. मोंटाना राज्यातल्या लिटल बिगहॉर्न इथे जून 1876 मध्ये जनरल कस्टरच्या तुकडीचा लाकोटा आणि शायान योद्ध्यांनी पराभव केला. 1983 मध्ये तिथलं गवत वणव्यात जळालं आणि जमीन उघडी पडली. पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञांनी हौशी डिटेक्टरवाल्यांनाच बोलावलं. अट एकच होती: आवाज आला की झेंडी रोवायची, वस्तू उचलायची नाही. मग प्रत्येक गोळीची आणि टोपणाची जागा मोजून नकाशावर मांडली. टोपणावर बंदुकीच्या खिळ्याची खूण उमटते आणि ती प्रत्येक बंदुकीची वेगळी असते. त्यावरून एकेक बंदूक रणांगणावर कुठून कुठे गेली हे दिसलं. मूळ अमेरिकी योद्ध्यांनी सांगितलेल्या आठवणींना शंभर वर्षं दुय्यम मानलं गेलं होतं. त्यांतल्या अनेक गोष्टींना या नकाशाने दुजोरा दिला.

यंत्र तेच आणि हौशी माणसंही तशीच. फरक फक्त नोंदीचा होता.

यात आपलं काय?

आपली अशी जमीन मणिपूर आणि नागालँडमध्ये आहे. मार्च ते जुलै 1944 मध्ये इम्फाळ आणि कोहिमाच्या डोंगरांत जपानी सैन्याला थोपवण्यात आलं. सांगशाकच्या लढाईत पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीच्या गावांतून भरती झालेली पोरं या पलटणीत असत. म्हणजे तिथल्या एखाद्या खंदकातलं गंजलेलं बकल इथल्या कुणाच्या तरी पणजोबांचं असू शकतं.

मणिपूरमध्ये स्थानिक हौशी अभ्यासकांनी डिटेक्टर घेऊन ही रणांगणं पालथी घातली आहेत. हेल्मेटं, पाण्याच्या बाटल्या, काडतुसं त्यांनी जमवली आणि जपली. इम्फाळजवळ 2019 मध्ये शांतता संग्रहालयही उभं राहिलं. जमिनीखाली माणसांची हाडंही आहेत, म्हणून तिथे खोदणं हे फक्त वस्तू शोधणं उरत नाही. हौशी लोकांना हाकलून लावण्याऐवजी त्यांच्याबरोबर काम केलं तर काय होऊ शकतं, ते तिथे दिसतं.

आणि महाराष्ट्रातही 1803 ची असई, 1817 ची खडकी, 1818 चं कोरेगाव अशी लढाईची ठिकाणं आहेतच. तिथल्या शिशाच्या गोळ्यांची जागा हाच त्या लढाईचा न लिहिलेला दस्तऐवज आहे.

कायदा काय म्हणतो?

मुख्य कायदा 1878 चा, भारतीय निखात निधी अधिनियम. त्याच्या व्याख्येत जमिनीत दडलेली, काहीही मोल असलेली कोणतीही वस्तू येते. ती दहा रुपयांहून जास्त किमतीची असेल, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय सापडलं, कुठे, कधी. वस्तू सरकारी तिजोरीत जमा करायची किंवा तारण द्यायचं. मग जाहीर सूचना निघते आणि दावेदारांसाठी किमान चार महिने थांबायचं. कळवलं नाही तर तुमचा हिस्सा सरकारजमा आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

1878 मध्ये दहा रुपये म्हणजे चांदीची दहा नाणी, सुमारे 107 ग्रॅम शुद्ध चांदी. आज दहा रुपयांत अनेक ठिकाणी कटिंग चहाही येत नाही. म्हणजे कायद्याच्या शब्दानुसार जवळजवळ प्रत्येक जुनं नाणं कलेक्टर कचेरीत न्यायला हवं. कोण नेणार?

पुढचा भाग त्याहून अडचणीचा. सरकारला ती वस्तू हवी असेल, तर मोबदला म्हणून धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा मिळतो. एखादं दुर्मीळ तांब्याचं नाणं अभ्यासकांसाठी अनमोल असलं, तरी या हिशोबात ते तांब्याच्या भावाने जातं. प्रामाणिक माणसाला महिनोन्‌महिने हेलपाटे आणि शेवटी भंगाराचा दर. चोरून विकणाऱ्याला रोख पैसे. असा कायदा असल्यावर लोक काय निवडतील?

याशिवाय 1972 च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं. त्याचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. संरक्षित किल्ले आणि स्मारकांच्या हद्दीत परवानगीशिवाय खोदणं गुन्हा आहे. जिवंत काडतूस विनापरवाना जवळ ठेवलं तर शस्त्र कायदा लागतो, मग ते 1944 चं का असेना.

आणि जिवाचं काय?

यंत्राला नाणं आणि तोफगोळा यांतला फरक सांगता येत नाही. गंजलेली दारू निकामी होते हा गैरसमज आहे, उलट काही स्फोटकं जुनी होतील तशी जास्त बेभरवशाची होतात. बेल्जियम आणि फ्रान्सच्या शेतांत पहिल्या महायुद्धातले गोळे आजही नांगराला लागतात. आपल्याकडे नोव्हेंबर 2018 मध्ये वर्धा जिल्ह्यात पुलगाव इथे जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन सहा जणांचा जीव गेला. तिथे तर हे काम देखरेखीखाली चाललं होतं. एकटा माणूस खुरपं घेऊन बसला असेल, तर विचार करा.

ब्रिटनने काय केलं?

तिथे 1996 मध्ये नवा कायदा आला. ठरावीक वस्तू सापडल्या की 14 दिवसांत कळवायचं. संग्रहालयाने ती घेतली तर बाजारभावाने मोबदला, आणि तो सहसा सापडणारा व जमीनमालक यांच्यात निम्मा-निम्मा. 1997 पासून किरकोळ वस्तूंच्या ऐच्छिक नोंदीची योजना सुरू झाली. वस्तू दाखवायची, जागा सांगायची, फोटो काढून नोंद होते आणि बहुतेक वेळा वस्तू परत मिळते. आज त्या नोंदवहीत 15 लाखांहून अधिक वस्तू आहेत. 2009 मध्ये स्टॅफर्डशायरच्या शेतात एका हौशी माणसाला सापडलेला सोन्याचा साठा असाच समोर आला. त्याचं मूल्य 32.85 लाख पौंड ठरलं.

तिथेही चोर आहेतच. 2015 मध्ये सापडलेला व्हायकिंग काळातला साठा लपवून विकणाऱ्या दोघांना 2019 मध्ये मोठ्या तुरुंगवासाच्या शिक्षा झाल्या. म्हणजे दार उघडं ठेवलं आणि कुलूपही ठेवलं.

मग आपण काय करावं?

‘सूट दिली तर सगळेच खोदत सुटतील’ हा आक्षेप खोटा नाही. गुप्तधनाच्या वेडापायी मंदिरांचे पाये उकरणारी माणसं आपल्याकडे आहेत. म्हणून संरक्षित जागा, लष्करी जमीन आणि रणांगणांवर बंदी राहिलीच पाहिजे. पण नांगरताना, विहीर खणताना, इमारतीचा पाया घेताना वस्तू रोज वर येतात. त्या आज सोनाराकडे किंवा भंगारात जातात, कारण कळवणं हे संकट वाटतं.

दहा रुपयांची मर्यादा काढून ऐतिहासिक महत्त्वाचा निकष लावावा. मोबदला धातूच्या भावाने न देता बाजारभावाने द्यावा. आणि जिल्हा पातळीवर, फोनवरून फोटो व ठिकाण पाठवता येईल अशी नोंदीची सोय करावी. पीकपाहणी शेतकरी ॲपवरून करू शकतो, तर सापडलेलं नाणं का नोंदवू शकणार नाही?

तोवर काही सापडलंच तर

• गोळा, बॉम्ब किंवा काडतुसासारखं काही दिसलं तर हात लावू नका, लांब जा आणि 112 वर फोन करा.
• नाणं, बटण, बिल्ला असेल तर आधी जागेसह फोटो काढा. फोनचं लोकेशन सुरू ठेवा.
• घासू-पुसू नका. चिंच किंवा लिंबू लावून चकचकीत केलेलं नाणं अभ्यासाच्या कामाचं राहत नाही.
• जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी कळवा आणि पोच घ्या. जवळच्या संग्रहालयाला किंवा विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागालाही सांगा.
• ऑनलाइन विकायला टाकू नका.

वस्तू कुठे सापडली हे एका ओळीत लिहून ठेवा, सोबत तारीख घाला. कायदा बदलायला वेळ लागेल, पण ही ओळ लिहायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.