सॉरी म्हटले की झाले?

दिवाळीत घरी चार घरची पोरे जमतात. एकाच्या धक्क्याने दुसऱ्याच्या हातातली फराळाची बशी पालथी होते. लगेच आई धावत येते आणि म्हणते, "सॉरी म्हण पाहू त्याला!" पोरगा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत 'सॉरी' म्हणतो आणि खटला निकालात निघतो. ज्याचा लाडू जमिनीवर फुटला तो रडतच असतो, पण आता दम त्यालाच मिळतो, "त्याने सॉरी म्हटले ना? मग अजून कसले रडतोस?"

वाचकहो, माझे भांडण या 'सॉरी'शी आहे. शब्द इंग्रजी आहे म्हणून मुळीच नाही. टेबल, स्टेशन, पेन्सिल हे शब्द मी दिवसभर वापरतो आणि रात्री स्वस्थ झोपतो. शिवाय माझे स्वतःचे इंग्रजी मॅट्रिकपुरते. त्या भांडवलावर इंग्रजीशी कुस्ती खेळण्याची हौस मला नाही. तक्रार एवढीच की, हा शब्द आपण अर्थ न पाहता घरात घेतला आणि त्याच्याआड लपायला शिकलो.

या शब्दाचे कूळ इंग्रजीतल्या 'सोअर' या शब्दाशी जुळते. सोअर म्हणजे दुखरे, ठणकणारे. म्हणजे मुळात हा जखमेचा शब्द. पुढे त्याच्या गळ्यात नाना कामे पडली. इंग्रज माणूस मयताच्या घरी 'सॉरी' म्हणतो, बोलणे ऐकू आले नाही तर म्हणतो, नकार देताना म्हणतो, धक्का लागला तर म्हणतो, एखाद्याच्या केविलवाण्या दशेलाही हेच विशेषण लावतो. आणि खरोखर अपराध केला तरीही शब्द हाच. 'मला वाईट वाटते' आणि 'माझे चुकले' ही दोन बिऱ्हाडे तेथे एकाच खोलीत राहतात.

त्यातून काय घडते पाहा. १ एप्रिल २००१ रोजी चीनच्या हैनान बेटाजवळ अमेरिकेचे टेहळणी विमान आणि चीनचे लढाऊ विमान यांची टक्कर झाली. चिनी वैमानिक प्राणाला मुकला. अमेरिकेचे २४ जण चीनच्या ताब्यात सापडले. ११ एप्रिलला अमेरिकेच्या राजदूताने पत्र दिले. त्यात 'व्हेरी सॉरी' दोनदा आले होते. चीनने आपल्या लोकांना सांगितले, अमेरिकेने माफी मागितली. अमेरिकेने आपल्या लोकांना सांगितले, आम्ही केवळ दुःख व्यक्त केले. माणसे सुटली, चूक कोणाची, हे मात्र त्या शब्दाने कोणालाच विचारले नाही.

पण त्याच इंग्रजीत या शब्दाला वजनही आहे. ऑस्ट्रेलियात मूळ रहिवाशांची मुले सरकारने पिढ्यान् पिढ्या आईबापांपासून तोडून नेली. १९९९ साली पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी संसदेत त्याबद्दल खेद व्यक्त केला, पण 'सॉरी' म्हणण्याचे टाळले. तो शब्द सरकारच्या तोंडून ऐकायला त्या लोकांना १३ फेब्रुवारी २००८ पर्यंत थांबावे लागले. त्या दिवशी पंतप्रधान केव्हिन रड यांनी तो संसदेत उच्चारला. एका शब्दासाठी माणसे एवढी वर्षे वाट पाहतात, आणि आपण तोच शब्द शेंगदाण्यासारखा चघळतो!

आपल्याकडे तर ही कामे आधीच वाटून दिलेली होती. ऐकू आले नाही तर 'काय म्हणालात?', पत्राला उशीर झाला तर 'दिलगीर आहे', दुःखाच्या घरी 'फार वाईट झाले', नाहीतर नुसते जवळ बसणे, कोणाला पाय लागला तर शब्दच नाही, वाकून नमस्कार. आणि चूक केली तर 'चुकलो'. या शेवटच्या शब्दात चुकणारा माणूस उभा असतो. आपल्या 'सॉरी'तून तो केव्हाच पसार झालेला असतो.

कोणी म्हणेल, मास्तर, मनात असले म्हणजे झाले, शब्दाचे एवढे काय? त्यांना माझीच गोष्ट सांगतो. एकदा वर्गात एका मुलाची कंपासपेटी हरवली. मी दुसऱ्या एका मुलाला सर्वांसमोर उभे करून चोर ठरवले. संध्याकाळी पेटी माझ्याच टेबलाच्या खणात, तपासायच्या वह्यांखाली निघाली. दुसऱ्या दिवशी मी त्याला व्हरांड्यात गाठले आणि पाठीवर थाप मारून म्हणालो, "सॉरी हं, बाळ." तो म्हणाला, "इट्स ओके, सर." त्यानंतर त्याने वर्गात एकदाही हात वर केला नाही. मन माझे खरोखर दुखले होते. पण चोर ठरवला चाळीस जणांसमोर आणि 'सॉरी' म्हटले एकट्याला गाठून, हा हिशेब त्या पोराला बरोबर कळला होता. महिन्याने मी फळ्यापाशी उभा राहून वर्गाला सांगितले, "मी चुकलो. याने चोरी केली नव्हती. पेटी माझ्या खणात होती." ही तीन वाक्ये बोलताना घशाला जी कोरड पडली, ती 'सॉरी' म्हणताना पडली नव्हती. मुलाने मान वर केली. हात वर व्हायला मात्र सहामाही परीक्षा उलटून जावी लागली.

हिशेबाच्या कागदाखाली आपले जुने लोक 'चूकभूल द्यावी घ्यावी' असे लिहीत. चूक निघाली तर फरक भरून देऊ, हा त्याचा रोकडा अर्थ. लक्ष्मीपूजनाला वह्यांवर हळदकुंकू वाहताना तेवढे आठवावे. आणि यंदा पुन्हा बशी पालथी झाली, तर पोराला 'सॉरी म्हण' असे सांगू नये. त्याला 'चुकलो' म्हणायला लावावे, आणि आपल्या बशीतला एक लाडू समोरच्याच्या बशीत ठेवायला लावावे.