जुना संगणक विकण्यापूर्वीं

बैल बाजारांत नेतांना आपण त्याची घुंगुरमाळ घरीं काढून ठेवतों. जुनें कपाट विकतांना त्याचे सर्व खण उपसून पाहतों. न जाणों, एखादा कागद वा दागिना आंत राहिला असेल. ही सावधगिरी शेतकऱ्याच्या अंगवळणीं पडलेली आहे. परंतु सोसायटीच्या कचेरींतील संगणक जुना झाला, कीं तो मात्र आपण वजनावर भंगारवाल्याच्या गाडीवर चढवून मोकळे होतों. त्याच्या पोटांत किती सभासदांचा कच्चा चिठ्ठा आहे, याचा विचार करणारे थोडेच. यास्तव या विषयावर चार शब्द स्पष्टपणें लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

केंद्र सरकारनें २०२२ सालीं देशांतील ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. गांवोगांवच्या सोसायट्यांत नवीं यंत्रें आलीं, हें चांगलेंच झालें. पण नवें आलें म्हणजे जुनें अडगळींत जातें, आणि अडगळींतून भंगारांत. त्या जुन्या यंत्रांत असतें काय? पीककर्जाचे अर्ज, आधारपत्राच्या प्रती, बँकेच्या खात्यांचे क्रमांक, छायाचित्रें, सह्या आणि अंगठे. कोणी म्हणेल, ‘आमचा सातबारा आज कोणासहि पाहतां येतो, मग लपवावयाचें तें काय?’ सातबाऱ्याची गोष्ट निराळी. अंगठ्याच्या ठशाची नक्कल करून आधारच्या सोयीनें दुसऱ्याच्या खात्यांतील पैसे काढल्याचे गुन्हे आपल्या देशांत नोंदले गेले आहेत. परवलीचा शब्द फुटला तर तो बदलतां येतो. अंगठा बदलतां येत नाहीं.

संगणकावरील मजकूर ‘डिलीट’ केला आणि ‘रिसायकल बिन’ रिकामी केली, म्हणजे तो नाहींसा झाला, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती चुकीची आहे. खतावणीच्या अनुक्रमणिकेचें पान फाडलें तरी आंतील पानें जागच्या जागीं राहतात, तसाच हा प्रकार होय. ही जागा आतां दुसऱ्या मजकुरास मोकळी आहे, एवढेंच यंत्र टिपून ठेवतें. दुसरा मजकूर तीवर पडेपर्यंत पहिला शाबूत राहतो आणि जाणत्या मनुष्यास तो परत काढतां येतो. घाईनें केलेल्या ‘क्विक फॉरमॅट’चीहि हीच कथा. हरळी विळ्यानें वरवर कापली तर शेत स्वच्छ दिसतें खरें, पण पहिल्या पावसाबरोबर ती पुन्हां डोकें वर काढते. मुळ्या खणून काढल्यावांचून हरळी जात नाहीं.

हें केवळ आमचें भय नव्हे. अमेरिकेंत सिम्सन गार्फिंकेल व अभि शेलाट या दोघांनीं १५८ जुन्या हार्ड डिस्क बाजारांतून विकत घेऊन तपासल्या आणि २००३ सालीं आपला वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांपैकीं १२९ चालू स्थितींत होत्या, आणि त्यांतील अवघ्या १२ नीट पुसलेल्या आढळल्या. एक डिस्क तर एटीएम यंत्रांतून आलेली दिसत होती, व तिच्यावर वर्षभराचे व्यवहार जसेच्या तसे होते. बँकांच्या देशांत ही स्थिति, तर आमच्या कचेऱ्यांची काय कथा!

आतां उपाय. प्रथम लेखापरीक्षणास व कायद्यास लागणाऱ्या सर्व दप्तराच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणीं कराव्या, आणि त्या उघडतात कीं नाहीं हें पाहावें. त्यानंतरच पुसण्यास हात घालावा. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क असल्यास ती खास साधनानें एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शून्यांनीं भरून काढावी. असें एक वेळ पूर्णपणें केलें म्हणजे सामान्यतः पुरे होतें. सात सात वेळां तेंच करण्याचें कारण नाहीं. एसएसडी या नव्या प्रकारच्या डिस्कला मात्र हा उपाय खात्रीचा नाहीं, कारण ती मजकूर आपल्या सोयीनें जागा बदलून ठेवते. तिच्यासाठीं तिच्या कारखानदारानें दिलेली ‘सिक्युअर इरेज’ची सोय वापरावी. घरच्या संगणकावर विंडोज १० किंवा ११ असेल, तर ‘रीसेट’ करतांना सर्व कांहीं काढून टाकण्याचा पर्याय घेऊन ‘क्लीन डेटा’ हीहि सोय चालू करावी. नुसता ‘रीसेट’ पुरेसा नव्हे. मोबाइल विकतांना आधीं आपलें खातें त्यावरून काढावें, मग ‘फॅक्टरी रीसेट’ करावा, आणि सिम व मेमरी कार्ड काढून घेण्यास विसरूं नये.

डिस्क बंदच पडली असेल, तर ती बाहेर काढून तिच्या तबकड्या वा चिपा फोडून टाकाव्या. घरांतील लोहचुंबक फिरवून कांहीं साधत नाहीं. ती जाळूं तर मुळींच नये. त्या धुरानें विषबाधा होते. उरलेला सांगाडा नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे द्यावा. पण चालू यंत्रावर सरसकट हातोडा चालविणें हें आम्हांस पसंत नाहीं. नीट पुसलेला संगणक गांवच्या शाळेस अजून दोन वर्षें उपयोगी पडेल. पुसणें ही काटकसरच आहे, उधळपट्टी नव्हे.

डिस्क काढून घेतली तर भंगाराचा भाव उतरतो, असें कांहीं पंच म्हणतील. उतरूं द्या. चार पैशांसाठीं सभासदांचे अंगठे विकण्याचा अधिकार पंचांना कोणीं दिला? १९०४ च्या कायद्यापासून या देशांत सहकारी पतपेढ्या उभ्या राहिल्या त्या भांडवलापेक्षां विश्वासाच्या बळावर. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा संसदेनें २०२३ सालीं केला, त्याचेंहि तत्त्व हेंच, कीं ज्या कामासाठीं माहिती घेतली तें काम सरलें व दुसऱ्या कायद्यानें ती ठेवणें आवश्यक नसलें, म्हणजे ती पुसून टाकावी.

म्हणून प्रत्येक सोसायटीनें येत्या सभेंत साधा ठराव करावा: कचेरींतील कोणताहि संगणक, डिस्क वा पेनड्राइव्ह पुसल्यावांचून बाहेर जाणार नाहीं, तो कोणीं, कोणत्या दिवशीं व कोणत्या रीतीनें पुसला याची नोंद जडवस्तु नोंदवहींत होईल, आणि तीखालीं सचिव व एक पंच यांच्या सह्या पडतील. यास खर्च नाहीं, लागतो तो अर्ध्या दिवसाचा वेळ. सभासदानें विश्वासानें उमटविलेला अंगठा भंगाराच्या ढिगांत जाऊं न देणें, हें पंचांचें पहिलें कर्तव्य आहे. सूज्ञांस अधिक सांगणें न लगे.