धंदा डोक्यात आहे की कागदावर? मामांच्या आठवणीनं थोडं बोलतो



गेले तीन आठवडे चॅनलवर नवीन व्हिडिओ आला नाही. अनेकांनी विचारलं, "सर, बरे आहात ना?" मी बरा आहे. माझे सासरे गेले. अचानक.

आमच्या सांगलीकडे सासऱ्यांना 'मामा' म्हणतात. मामांची पिठाची गिरणी आणि मिरची कांडप. वय एकसष्ट. त्या दिवशीही सकाळी सहाला शटर वर गेलं होतं. साडेसातला छातीत दुखतंय म्हणाले, पाणी मागितलं आणि दवाखान्यात पोचायच्या आधीच संपलं. आदल्या रात्री मला फोनवर म्हणाले होते, "पाहुणं, नवीन कांडप मशीन घ्यायचं म्हणतोय. परवडतंय का तेवढा हिशोब बघा." तो हिशोब माझ्या वहीत अर्धाच राहिलाय.

मी तुम्हाला ग्राहकसेवा शिकवतो, पण ती मी शिकलो मामांच्या गिरणीत. उपासाची भाजणी दळायची असली की गिरणी झाडून, पुसून घ्यायचे. आधी स्वतःची मूठभर भगर दळायचे आणि मगच गिऱ्हाईकाचा डबा ओतायचे. कुणी बघत नसलं तरीही. मी नोकरी सोडली तेव्हा माइक आणि कॅमेऱ्यासाठी त्यांनीच गल्ल्यातून पंधरा हजार दिले. नोटांना पीठ लागलेलं होतं. वर्षभरानं परत द्यायला गेलो तर म्हणाले, "कुठं लिहिलंय?"

हे 'कुठं लिहिलंय' आता मला रोज आठवतं.

कारण मामांनी काहीच लिहिलं नव्हतं. तेराव्यानंतर मेहुण्यानं गिरणी उघडली. भिंतीवर मामांचा क्यूआर कोड तसाच होता. लोकांनी सवयीनं स्कॅन केलं आणि स्पीकर बोलला, "चाळीस रुपये मिळाले." पैसे गेले मामांच्या खात्यात आणि त्यातून काढायला कुणालाच येत नव्हते. दिवसभर तो स्पीकर बोलत राहिला. आत सासूबाई ऐकत होत्या. शेवटी मेहुण्यानं उठून वायर काढली.

उधारीची वही सापडली. त्यात नावं अशी: 'तांबडी गाडी', 'शाळेमागच्या काकू', 'पैलवानाचा धाकटा'. मामांना सगळे कळायचे, आम्हाला कोण कळणार? काही जण स्वतःहून आले. एक आजी एकशे ऐंशी रुपये रुमालात बांधून घेऊन आल्या आणि सासूबाईंपुढं ठेवून रडल्या. ही मामांची खरी कमाई. पण एका मिरचीच्या व्यापाऱ्यानं बासष्ट हजार येणं सांगितलं. कागद त्याच्याकडेही नव्हता, आमच्याकडेही नव्हता. माणूस बहुतेक खरंच बोलत असेल. सासूबाई म्हणाल्या, "देऊन टाका, त्यांच्या नावावर ऋण नको." दिले. पण त्या 'बहुतेक'नं घरातल्या सगळ्यांची झोप गेली.

आता माझी चूक सांगतो. दुनियेला शिकवणारा मी, मामांना एकदाही विचारलं नाही की नॉमिनी कोण आहे. जावयानं सासऱ्याच्या पैशाबद्दल बोलायचं नसतं, लोक काय म्हणतील, हेच डोक्यात. मेहुण्याला वाटायचं, वडिलांना असं विचारणं म्हणजे अशुभ. सगळ्यांनी मान राखला, आणि त्या मानाची किंमत सासूबाई मोजताहेत.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: घरातल्या कर्त्या माणसाशी हा विषय न काढणं याला आदर म्हणत नाहीत. ते आपल्याला अवघड जातं, म्हणून आपण टाळतो. "कागद आला की माया आटते" असं काही जण म्हणतात. मी उलट बघितलं. कागद नसल्यामुळं दुःखाच्या दिवसांत आमचं घर पावत्या शोधत बसलं.

तुमचा धंदा प्रोप्रायटरशिप असेल, तर हे नीट समजून घ्या. कायद्यानं धंदा आणि तुम्ही एकच. तुम्ही गेलात की तुमच्या पॅनवरचा जीएसटी नंबर मुलाला तसाच वापरता येत नाही. त्याला स्वतःच्या नावानं नवीन नोंदणी घ्यावी लागते. जुन्या नंबरवरचं शिल्लक क्रेडिट आयटीसी-०२ फॉर्म भरून नवीन नंबरवर आणता येतं. पण हे घरच्यांना माहीत तर पाहिजे!

या रविवारी दोन तास काढा आणि एवढं करा:

१. बँकेत नॉमिनी लावा. प्रोप्रायटरशिपच्या चालू खात्यालाही लावता येतो. नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी ठेवता येतात.

२. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे घेऊ शकतो, पण शेवटचा हक्क वारसांचा. म्हणून मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालतं, नोंदणी सक्तीची नाही, पण तुमची सही आणि दोन साक्षीदार हवेत.

३. एक वही करा. कुणाला किती द्यायचे, कुणाकडून किती यायचे, पूर्ण नाव आणि मोबाइल नंबरसकट. खाती, विमा, कर्ज आणि सीएचा नंबरही त्यातच. वही कुठं आहे ते घरातल्या दोघांना सांगा.

४. वय १८ ते ५० असेल तर प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा घ्या. वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचं संरक्षण.

५. महिन्यातून एक दिवस दुकान घरच्या दुसऱ्या माणसाला चालवू द्या. तो कुठं अडतो ते लिहून ठेवा.

आणि वडील, सासरे, काका धंदा करत असतील तर त्यांच्यासमोर बसा. सुरुवात पैशापासून करू नका. म्हणा, "तुम्ही हे कसं उभं केलंत ते मला लिहून घ्यायचंय." माणूस आपोआप बोलतो. मी मामांना हे म्हणालो असतो, तर ते रात्र रात्र बोलले असते. हिशोब तर मिळालाच असता, शिवाय त्यांचा आवाजही राहिला असता.

गिरणी आता मेहुणा आणि सासूबाई चालवतात. नवीन क्यूआर लागलाय, स्पीकर पुन्हा बोलतोय. नव्या वहीच्या पहिल्या पानावर मी माझं नाव लिहिलं: देणं पंधरा हजार. सासूबाईंनी विचारलं, "हे कशाचं?" म्हटलं, "मामांनी लिहायचं राहिलं होतं."

पुढच्या आठवड्यापासून व्हिडिओ नेहमीसारखे येतील. तोपर्यंत वही करा.