क्लचचे तेल

महागड्या, वजनदार मोटारसायकली आता व्यापारी कुटुंबांच्या अंगणातही दिसू लागल्या आहेत. त्यांपैकी काहींचा क्लच तारेवर चालत नाही. सुझुकीची हायाबुसा किंवा डुकाटीच्या अनेक गाड्या यांत मुठीजवळच्या मास्टर सिलिंडरपासून इंजिनाजवळच्या स्लेव्ह सिलिंडरपर्यंत तेलाने भरलेली नळी असते. द्रव दाबला तरी आक्रसत नाही, म्हणून लिव्हरवरचा जोर जसाच्या तसा खाली पोहोचतो. तार असती तर ती तुटण्यापूर्वी कुरकुरली असती; तेल मात्र बिघडताना आवाज करत नाही. लिव्हर थोडी मऊ लागते, गिअर अडखळतो, आणि एखाद्या दिवशी सिग्नलवर क्लच पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकते. समोर पायी चालणारा माणूस असेल, तर हा प्रसंग साधा राहत नाही.

हे तेल म्हणजे बहुधा ब्रेकमध्ये वापरले जाणारेच 'डॉट ४' तेल. ते हवेतील ओलावा शोषून घेते. पावसाळाभर झाकून ठेवलेल्या गाडीतही ही क्रिया थांबत नाही. नव्या डॉट ४ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरलेल्या तेलासाठी ही मर्यादा १५५ अंशांवर येते. त्यातच स्लेव्ह सिलिंडर तापलेल्या इंजिनाला लागून असतो, त्यामुळे तेल काळवंडते. बहुतेक उत्पादक दर दोन वर्षांनी ते बदलण्यास सांगतात. मात्र काही गाड्यांच्या क्लचमध्ये खनिज तेल असते. तेथे डॉट ४ ओतले तर रबरी सील फुगून निकामी होतात. म्हणून टाकीच्या झाकणावरील अक्षरे वाचल्याशिवाय बाटली उघडूच नये. 'डॉट ५' हे नाव जवळचे वाटले तरी ते सिलिकॉनचे तेल आहे. डॉट ४ मध्ये ते मिसळू नये.

गाडी स्टँडवर सरळ उभी करावी आणि हँडल असे वळवावे की तेलाची छोटी टाकी समपातळीत येईल. पेट्रोलच्या टाकीवर जाड कापड पसरावे, कारण हे तेल रंग खाते. थेंब सांडलाच तर लगेच पाण्याने धुवावा. झाकणाभोवतीची धूळ पुसून मगच ते उघडावे. जुने तेल सिरिंजने उपसून नवे भरावे. स्लेव्ह सिलिंडरवरील निपलला आधी रिंग पाना लावावा, मग पारदर्शक नळी बसवून तिचे दुसरे टोक थोडे नवे तेल असलेल्या बाटलीत बुडवावे. लिव्हर तीन-चार वेळा सावकाश दाबून शेवटी दाबलेलीच धरावी, निपल पाव फेरा सैल करावे, तेल बाहेर येऊ द्यावे, निपल बंद करावे आणि त्यानंतरच लिव्हर सोडावी. हा क्रम उलटला तर हवा पुन्हा आत ओढली जाते, आणि तासाभराचे श्रम वाया जातात. टाकीतील तेल खालच्या खुणेखाली जाऊ देऊ नये. नळीतून बुडबुडे नसलेले स्वच्छ तेल येऊ लागेपर्यंत हेच करत राहावे. निपल नाजूक असते; जोर करून आवळू नये.

एवढे करूनही लिव्हर मऊ राहिली, तर हवा बहुधा वरच्या जोडात अडकलेली असते. लिव्हर मुठीला रबराने बांधून गाडी रात्रभर ठेवली की पुष्कळदा ती आपोआप वर टाकीत येते. टाकी काठोकाठ भरण्याचा मोहही टाळावा. ब्रेकची पट्टी झिजली की तेलाची पातळी उतरते. क्लचच्या तबकड्या झिजल्या की उलट ती चढते, आणि त्या वाढीसाठी जागा हवी.

उरलेल्या अर्ध्या बाटलीबाबत व्यापारी मन हळहळते, पण उघडलेली बाटली कपाटातही ओलावा शोषत राहते. लहान बाटली घेणे हाच खरा काटकसरीचा व्यवहार. काढलेले तेल विषारी असते. ते गटारात किंवा झाडाच्या मुळाशी ओतू नये. बाटलीत बंद करून, त्यावर नाव लिहून, टाकाऊ तेल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.

रस्त्यावर नेण्यापूर्वी मोकळ्या जागेत इंजिन सुरू करून, पुढचा ब्रेक धरून पहिला गिअर टाकावा. क्लच दाबलेला असताना ब्रेक हळूच सोडल्यावर गाडी जागची हलली नाही, तर काम जमले. हलली, किंवा लिव्हर काही दिवसांतच पुन्हा सैल झाली, तर सील झिजलेले असण्याचा संभव आहे. तेव्हा मात्र जाणत्या मेकॅनिकलाच बोलवावे.